वीसपैकी तेरा, वीसपैकी सतरा : एका पाठनिरीक्षणाचं प्रकरण

गेल्या वर्षीच्या आंतरवासितेत, म्हणजे बी.एड.चे विद्यार्थी शाळेत जाऊन शिकवतात त्या काळात, मी एका छात्राध्यापिकेच्या पाठाला वीसपैकी तेरा गुण दिले, आणि महिन्याभराने तिच्याच दुसऱ्या पाठाला सतरा. पहिला पाठ चांगला होता. दुसऱ्यात मुलं काहीच शिकली नाहीत. माझी सही दोन्ही निरीक्षण तक्त्यांवर आहे.

मी नागपुरातल्या एका बी.एड. महाविद्यालयात गणिताची अध्यापन पद्धती शिकवते. या कामाला चौदा वर्षं झाली. एम.एस्सी. आणि एम.एड. झाल्यावर मी थेट इथे रुजू झाले. शाळेत शिकवलेलं असावं अशी अट कोणी घातली नव्हती, आणि मीही शाळेत शिकवलेलं नव्हतं. शिक्षक घडवायला बसलेल्या माझ्यासारख्या अनेकांची सुरुवात अशीच झाली आहे. पाठ कसा पाहायचा हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. आमचे पाठ ज्यांनी पाहिले त्यांच्या शेऱ्यांवरून आम्ही शेरे लिहायला शिकलो. ‘फलक लेखन सुवाच्य.’ ‘आवाजात चढउतार हवा.’ ‘प्रबलन (म्हणजे शाबासकी, प्रोत्साहन) वाढवावे.’ ‘भाषा प्रमाण ठेवावी.’ हे चार शेरे मी हजार वेळा तरी लिहिले असतील. यातला चौथा शेरा हेच हे प्रकरण आहे.

शाळा आणि ती

शाळा उत्तर नागपुरातली, महापालिकेची, मराठी माध्यमाची. सहावीच्या वर्गात एकतीस मुलं. घरी कोणी वऱ्हाडी वळणाची नागपुरी बोलतं, कोणी हिंदी, आणि बहुतेक जण दोन्हींची सरमिसळ करतात. 1956पर्यंत नागपूर हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांतात होतं, आणि ते इथल्या पोरांच्या बोलण्यात आजही ऐकू येतं. बाईंनी विचारलेलं कळतं, पण उत्तर पुस्तकी मराठीत द्यायचं म्हटलं की अर्धा वर्ग खाली बघतो.

छात्राध्यापिका काटोल तालुक्यातल्या एका खेड्यातली. काटोलहून रेल्वेने रोज ये-जा. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. माझ्या तासाला ती कधी बोलायची नाही. सूक्ष्मअध्यापनाच्या, म्हणजे महाविद्यालयातच घ्यायच्या छोट्या सराव पाठांच्या, वेळी तिला सहा मिनिटं पुरायची नाहीत, कारण प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात तपासूनच ती बाहेर काढायची. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (अभिप्राय), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा आणि सहा. छत्तीस मिनिटांच्या या चक्रात वर्गमैत्रिणीच मुलांची भूमिका करतात आणि अपेक्षित उत्तरं देतात. ‘हे असं काहून?’ असं तिथे कुणी विचारत नाही.

2015 साली बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतले आठवडे वाढून वीस झाले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. आंतरवासितेला नव्वद टक्के उपस्थितीची अट आहे. मला हा बदल मनापासून पटला होता, आजही पटतो. शिकवणं वर्गातच शिकता येतं. पण पाहणारा माणूस वर्गात किती वेळ बसेल याबद्दल नियम काही सांगत नाही. ते आमच्यावर सोडलेलं आहे.

पहिला पाठ

पोळ्याच्या आधीचा आठवडा. घटक : अपूर्णांकांचा भागाकार. त्या दिवशी चौथ्या तासिकेला माझ्याकडच्या चार जणींचे पाठ चार वर्गांत एकाच वेळी चालू होते. पस्तीस मिनिटांत चार पाठ. या वर्गात मी साधारण नऊ मिनिटं होते.

त्या नऊ मिनिटांत मी काय ऐकलं? तिने टाचण बाजूला ठेवलं होतं. हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते वर्गाला आधी सांगणं, झालं नाही. फळ्यावर सहा गोल काढले आणि म्हणाली, “ह्या सहा भाकरी हायेत. एकेकाले अर्धी अर्धी देली, तं किती जनाले पुरतीन?”

मी तक्त्यात लिहिलं, ‘भाषा प्रमाण ठेवावी. बोलीभाषेचा वापर टाळावा. हेतुकथन नाही.’ भाषेच्या रकान्यात पाचपैकी एक. एकूण तेरा. सही केली आणि शेजारच्या वर्गात गेले.

मी गेल्यानंतर काय झालं ते मला नंतर दोघांकडून कळलं. तिच्या चिंतन दैनंदिनीतून, आणि मागे बसलेल्या वर्गशिक्षकांकडून. दोघांचं सांगणं जुळतं. वर्गातून चार-पाच आवाज एकदम आले, “बाराले!” तिने फळ्यावर 6 ÷ ½ = 12 लिहिलं. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. हा मुलगा जूनपासून वर्गात स्वतःहून बोललेला नव्हता. तो म्हणाला, “पन मॅडम, भागलं तं कमी होते नं? हे वाढलं काहून?”

गणित शिकवणाऱ्याला या प्रश्नाची किंमत सांगावी लागत नाही. मुलं तिसरी-चौथीपासून भागाकार म्हणजे वाटणी असं शिकतात. बारा लाडू तिघांत वाटले, प्रत्येकाला चार. वाटलं की वाट्याला कमीच येतं, त्यामुळे ‘भागाकाराने संख्या लहान होते’ हा नियम कुणी न शिकवताच डोक्यात पक्का बसतो. पण भागाकाराचा दुसराही अर्थ आहे. बारा लाडवांत तीन-तीनचे गट किती? पूर्ण संख्यांत दोन्ही अर्थांचं उत्तर एकच येतं, म्हणून फरक दिसत नाही. ½ ने भागायची वेळ आली की पहिला अर्थ लंगडा पडतो, अर्ध्या माणसात भाकरी वाटता येत नाही. तिथे दुसराच अर्थ लागतो. सहात अर्धे किती वेळा बसतात? त्या पोराने नेमकं या सांध्यावर बोट ठेवलं होतं. सहावीत हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर न मिळालेली मुलं दहावीत ‘व्यस्त करून गुणा’ एवढंच पाठ म्हणतात. माझ्या वर्गात पदवीधर होऊन येणाऱ्यांतही अशी असतातच.

तिने चटकन उत्तर दिलं नाही. “तुले काय वाट्टे?” असं तिने त्यालाच विचारलं. मग वर्गाला विचारलं. गोंधळ झाला, तासिका संपली. “उद्या पाहू” असं म्हणून ती बाहेर आली आणि माझा तक्ता तिच्या हातात पडला.

दुसऱ्या दिवशी ती त्या प्रश्नाकडे गेलीच नाही.

दुसरा पाठ

गणपती होऊन गेल्यावर मी पुन्हा त्या वर्गात गेले. या वेळी मी वीस मिनिटं बसले, आणि ते मला पुष्कळ वाटलं होतं. घटक पुढे सरकला होता, पण तिने उजळणी म्हणून भागाकारच घेतला. “विद्यार्थ्यांनो, आज आपण अपूर्णांकांच्या भागाकाराचा अभ्यास करणार आहोत.” हेतुकथन चोख. फळ्याचे तीन भाग आखलेले. “दुसऱ्या अपूर्णांकाचा व्यस्त घेऊन गुणाकार करावा.” तीन उदाहरणं तिने सोडवली, तीन मुलांना दिली. मुलांनी उतरवून घेतली. “समजलं का?” “हो मॅडम.” शेवटच्या बाकावरचा तो मुलगा वहीच्या मागच्या पानावर काहीतरी रेघोट्या मारत होता.

‘लक्षणीय सुधारणा. भाषा शुद्ध. पाठाचे टप्पे स्पष्ट.’ सतरा.

महाविद्यालयात परतताना मला चांगलं वाटत होतं, हे इथे नोंदवायला हवं. एक बुजरी मुलगी माझ्या मार्गदर्शनाने सुधारली, असं मी गाडी चालवताना मनात म्हणत होते.

वर्गशिक्षकांचा प्रश्न

नवरात्राच्या आधी शाळेत पालकसभा होती. मी उपस्थितीपत्रकं घ्यायला गेले होते. वर्गशिक्षक निवृत्तीला टेकलेले. ते जिन्यात थांबले आणि म्हणाले, “मॅडम, ती काटोलकडची पोरगी पहिले लई चांगली शिकवून राह्यली होती. काय सांगून ठेवलं जी तुमी तिला?”

मी काही तरी बोलले. बहुधा प्रमाणभाषेबद्दल. ते ऐकून घेत राहिले आणि मग त्यांनी मला भाकरीचा प्रसंग सांगितला, त्या पोराचा प्रश्न जसाच्या तसा.

घरी जाऊन मी तिची दैनंदिनी उघडली. या दैनंदिन्या आम्ही जमा करून घेतो, पानं मोजतो, सही करतो. त्या दिवशीच्या नोंदीत प्रश्न लिहिलेला होता आणि खाली एक ओळ : ‘मॅडमचा शेरा आल्यामुळे आता मी या वर्गात माझ्या भाषेत बोलणार नाही. उत्तर प्रमाणभाषेत कसे सांगायचे ते तयार करीन.’ पुढच्या पानांवर दोन-तीन ठिकाणी ते उत्तर तयार करायचा प्रयत्न आहे. खोडलेली वाक्यं. मग ते थांबतं. त्या पानावरही माझी सही होती.

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही सेवाग्रामला नेतो. ऑक्टोबर 1937च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत शिक्षण मातृभाषेतून असावं हा ठराव झाला, त्यावर त्यांच्याकडून अहवाल लिहून घेतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 शिकवतो. शक्य तिथवर मातृभाषेतून शिक्षण, आणि मुलाला भीतीपासून मुक्ती. परीक्षेत त्यावर प्रश्नही असतो. या मुलीने त्या प्रश्नाचं उत्तर उत्तम लिहिलं होतं, मीच तपासलं होतं. तेच कलम तिने वर्गात अमलात आणलं तेव्हा मी तिचे चार गुण कापले.

तिच्याशी बोलणं

मी तिला बोलावलं आणि दोन्ही तक्ते समोर ठेवले. माझी चूक झाली, असं सरळ म्हटलं. तिला ते आवडलं नाही. ती घाबरली. तिला वाटलं, सतराचे आता कमी होणार. छात्राध्यापक आमच्याकडे काय म्हणून पाहतात ते त्या क्षणी कळलं. गुण देणारी आणि गुण काढून घेणारी बाई. मी तिची शिक्षक आहे, हे तिच्या लेखी कुठेच नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मॅडम, खरं सांगू? मला त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी नीट येतच नव्हतं. माझ्या बोलीत मी त्याच्यासोबत शोधलं असतं. पुस्तकी बोलायचं म्हटलं तर आधी उत्तर यावं लागतं.”

चौदा वर्षांत अध्यापनाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुणा विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बोली की प्रमाण हा वाद आपण नेहमी मुलांच्या बाजूने मांडतो, मुलांना समजावं म्हणून बोली. शिकवणाऱ्यालाही विचार करायला स्वतःची भाषा लागते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात तिने तो प्रश्न पुन्हा घेतला. या वेळी मी घंटेपासून घंटेपर्यंत बसले. कागदाच्या सहा पट्ट्या, कात्री. “तू विचारलं होतं नं, वाढलं काहून? आता तूच काप.” त्याने कापल्या. बारा तुकडे झाले. वर्ग मोजत होता. तो बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, “भाकरी तं सहाच हायेत, मॅडम. खानारे वाढले.”

तिने ते वाक्य फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहिलं. मग त्याखाली पाठ्यपुस्तकाच्या भाषेत : ‘6 मध्ये ½ हा 12 वेळा सामावतो.’ दोन्ही वाक्यं मुलांकडून वाचून घेतली. मग पट्ट्यांचे तिसरे हिस्से करायला लावले, 6 ÷ ⅓, आणि बाकीची मुलं आधीच “अठरा” ओरडून मोकळी झाली. व्यस्त करून गुणायचा नियम त्या दिवशी मुलांनीच शोधला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण का गुणतो, हे निदान दहा-बारा जणांना कळलं. त्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत.

शिक्षकसभा

दोन्ही तक्ते मी नावं झाकून सभेत मांडले आणि वर्गात काय घडलं ते सांगितलं. मला वाटलं होतं सगळे हळहळतील. तसं झालं नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप इतिहास पद्धतीच्या सरांचा होता. ते स्वतः भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. ते म्हणाले, “ज्यांच्या घरी प्रमाण मराठी आहे त्यांना शाळेने दिली नाही तरी चालतं. आमच्यासारख्यांना ती शाळेतच मिळते. तिथेही ‘मले-तुले’च ऐकू येणार असेल, तर या पोरांनी मुलाखतीला जायचं कसं?” मी याचं उत्तर सहज देऊ शकले नाही, आणि आजही त्यांचं म्हणणं खोडून काढावं असं मला वाटत नाही. त्या मुलीलाही वार्षिक पाठाला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभं राहायचं होतं.

मराठीच्या मॅडमनी महानुभावांची आठवण काढली. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी आपले शिष्य केशोबास यांना संस्कृतात लिहू नका म्हणून बजावलं, ‘त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित राहतील’ म्हणून. म्हाताऱ्या म्हणजे पंथातल्या, संस्कृत न येणाऱ्या साध्या बायका. त्या म्हणाल्या, “हे आपल्याच विदर्भात घडलं. आपल्या म्हाताऱ्या म्हणजे ती मागच्या बाकावरची पोरं.” सरांनी मान डोलावली, पण मुद्दा सोडला नाही. शेवटी दोघांचं मिळून जे ठरलं ते फळ्यावरच्या त्या दोन वाक्यांसारखंच होतं. मुलाचं वाक्य आधी, त्याच्या भाषेत. पुस्तकाचं नंतर, आणि तेही टाळायचं नाही. बोली वापरली म्हणून गुण कापायचे नाहीत. बोलीतून प्रमाणभाषेकडे नेलं का, हे पाहायचं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड गेला. मी नऊ मिनिटंच का बसले? सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, मनुष्यबळ नाही. हे खोटं नाही. आम्ही आठ जण, त्यातल्या तिघी तासिका तत्त्वावर. त्यांना पैसे मिळतात ते महाविद्यालयात घेतलेल्या तासांचे. शाळेत जाऊन पाठ पाहण्याचं पेट्रोल त्यांच्या पदरचं. सुट्टीचा पगार नाही. जूनमध्ये पुन्हा बोलावतील का, याची खात्री नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दल या देशात मोठमोठे अहवाल झाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा 2012चा अहवाल तर महाराष्ट्रातल्याच अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून आला. पण शिकवणाऱ्याला शिकवणारी बाई वर्षानुवर्षं तासावर राबते, हे आमच्या रोजच्या बोलण्यातसुद्धा क्वचित येतं.

तरी त्या दिवशी मी हिशोब मांडला. दुसऱ्या वर्षाचे 48 छात्राध्यापक, प्रत्येकाचे आम्ही पाहायचे 16 पाठ, म्हणजे 768. आठ जणांत प्रत्येकी 96. सोळा आठवड्यांत आठवड्याला सहा. सहा पूर्ण तासिका म्हणजे साडेतीन तास. हे अशक्य नाही. मग चार पाठ एकाच वेळी का? कारण सगळे पाठ तिसऱ्या-चौथ्या तासिकेला ठेवा असं शाळांना आम्हीच कळवलं होतं, एका फेरीत काम उरकून एकच्या आत महाविद्यालयात परत यायचं म्हणून. वेळापत्रक माझ्या हस्ताक्षरात होतं.

यावर सभेत कोणी बोललं नाही. तासिका तत्त्वावरच्या सर्वांत तरुण सहकारी तेवढ्या हळूच म्हणाल्या, “मी पूर्ण बसते, मॅडम. म्हणून माझे पाठ मोजणीत कमी भरतात.” खरंच, मागच्या वर्षी त्यांना त्याबद्दल विचारणा झाली होती, आणि ती मीच केली होती.

पुढे

तेरा आणि सतरा हे आकडे तसेच आहेत. प्राचार्यांनी गुण बदलायला नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. एकदा खाडाखोड सुरू झाली की ती कुठे थांबेल सांगता येत नाही. मात्र पहिल्या तक्त्यावर, जुन्या शेऱ्याखाली, नवी तारीख टाकून पुरवणी शेरा लिहायला त्यांनी परवानगी दिली. मी त्या मुलाचा प्रश्न त्याच्या शब्दांत लिहिला, ‘हा प्रश्न निर्माण होईल असे अध्यापन झाले, निरीक्षक त्या वेळी वर्गात नव्हत्या’ असं लिहिलं आणि पूर्ण सही केली. ती मुलगी वार्षिक पाठाला प्रमाण मराठीत शिकवून उत्तीर्ण झाली. सध्या काटोलजवळ एका शाळेत शिकवते आणि शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीचा अभ्यास करते.

या वर्षीचं वेळापत्रक आम्ही बदललं. एका तासिकेला एका निरीक्षकाचा एकच पाठ. तासिका तत्त्वावरच्या तिघींना शाळेतल्या तासांचेही पैसे मिळावेत असा अर्ज व्यवस्थापनाकडे दिला आहे, त्यावर आठही जणांच्या सह्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.

निरीक्षण तक्त्यात एक नवा रकाना घातला : ‘मुलांनी स्वतःहून विचारलेले प्रश्न (त्यांच्याच शब्दांत)’. पहिल्या महिन्याचे तक्ते आले तेव्हा बहुतेकांत तो कोरा होता. माझ्या स्वतःच्या सहापैकी चार तक्त्यांत कोरा. मुलं विचारत नाहीत, की विचारलेलं आम्हाला ऐकू येत नाही, हे एकट्याने बसून कळणार नाही. म्हणून येत्या सोमवारपासून मराठीच्या मॅडम आणि मी, दोघी मिळून एकच पाठ पाहणार आहोत. एक जण फळ्याकडे तोंड करून, आणि एक जण मुलांकडे.